कसोटीची घटका आणि खेळाडूचा स्वभाव

'स्वभावाला औषध नाहीं' ही म्हण आमच्या लोकांच्या तोंडीं इतकी बसली आहे कीं, ती खरी कीं खोटी हें तपासून पाहण्याची गरज कोणास फारशी वाटत नाहीं. शाळेच्या मैदानावर तर ती वर्षांतून दहा वेळां तरी कानीं पडते. आंतरशालेय सामन्यांत एखाद्या मुलाच्या हातून शेवटच्या क्षणीं झेल सुटतो, धांवण्याच्या शर्यतींत सर्वांच्या पुढें असलेली मुलगी शेवटच्या रेषेजवळ येऊन अडखळते, आणि दोरीबाहेर उभे असलेले पालक, शिक्षक व सोबती एकमुखानें निकाल देऊन मोकळे होतात कीं, "स्वभावच भित्रा, अटीतटीचा खेळ हें याचें काम नव्हे." याच्या उलट जो मुलगा मोठ्यानें बोलतो, छाती पुढें काढून चालतो व हरण्याची भाषा ज्याच्या तोंडीं कधीं येत नाहीं, त्याच्याविषयीं सामना सुरू होण्यापूर्वींच आमची खात्री झालेली असते कीं, हा वेळेला उपयोगीं पडेल. हे निकाल कितपत न्यायाचे आहेत, याचा विचार या लेखांत करण्याचा आमचा हेतु आहे. विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या पालकांनींही तो वाचावा, अशी आमची विनंति आहे. कारण या बाबतींतील खरे अपराधी पुष्कळदां मैदानाच्या बाहेर उभे असतात.

आरंभींच आमचा स्वतःचा अपराध सांगून टाकणें बरें. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, आम्ही या पेशांत नवे असतां, क्रिकेटच्या संघाची देखरेख आमच्याकडे होती. संघांत एक अबोल मुलगा होता. सरावाच्या वेळीं त्याच्याइतकें चांगलें क्षेत्ररक्षण कोणाचेंच नसे. अंतिम सामन्यांत प्रतिपक्षास जिंकण्यास थोड्याच धांवा हव्या असतां एक उंच झेल त्याच्याकडे आला. चेंडूखालीं येऊन उभें राहण्यास त्याला पुरेसा वेळ मिळाला, आणि तरीही तो झेल त्याच्या ओंजळींतून निसटला. सामना गेला. परत येतांना सर्व मुलांसमक्ष आम्ही बोलून गेलों कीं, "हातांत कसब असून काय उपयोग? काळीज उंदराचें आहे!" मुलें हंसलीं. तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाहीं, आणि शाळा सोडीपर्यंत पुन्हां कधीं आला नाहीं. आम्हांस त्याचें विशेष वाटलें नाहीं. उलट आमचें भाकीत खरें ठरलें, अशीच आमची समजूत झाली.

गेल्या जून महिन्यांत तोच विद्यार्थी आपल्या मुलाचें नांव शाळेंत घालण्यास आला होता. सर्व कागदपत्र पुरे झाल्यावर, जातां जातां तो हळूच म्हणाला, "सर, याला खेळायची फार आवड आहे. एखादे वेळीं याच्या हातून झेल सुटला, तरी याला खेळूं द्याल ना?" त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता, केवळ एका बापाची काळजी होती. म्हणूनच तें बोलणें आमच्या मनाला फार लागलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नास आम्हीं उशिरानें दिलेलें उत्तर आहे.

कसोटीच्या वेळच्या कामगिरीचा व स्वभावाचा कांहींच संबंध नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. संबंध आहे, व तो शास्त्रज्ञांच्या ध्यानांत येऊन शंभराहून अधिक वर्षें झालीं आहेत. नॉर्मन ट्रिपलेट नांवाच्या अमेरिकन संशोधकानें १८९८ सालीं या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. सायकलच्या शर्यतींचे आंकडे पाहतां त्याला असें आढळलें कीं, केवळ घड्याळाशीं झगडणाऱ्या एकट्या स्वारापेक्षां इतरांच्या बरोबरीनें धांवणारा स्वार अधिक वेगानें जातो. मग त्यानें चाळीस मुलांस मासे धरण्याच्या गळाची दोरी गुंडाळण्याचें चक्र फिरवावयास लाविलें. कधीं एकट्यानें, तर कधीं दुसऱ्याशीं चढाओढ करून. सुमारें निम्मीं मुलें चढाओढींत अधिक चपळ झालीं. सुमारें पाव हिश्श्याच्या मुलांवर फारसा परिणाम झाला नाहीं. राहिलेल्या पाव हिश्श्याची गति मात्र उलट मंदावली. त्यांचे चेहरे लाल झाले, श्वास जोरानें चालूं लागला, व जिंकण्याच्या उत्सुकतेनेंच त्यांचे हात ताठरले. एकच वारा एका होडीचें शीड भरून तिला पुढें नेतो व दुसरीला कलंडवितो, तसाच हा प्रकार झाला.

परंतु या प्रयोगावरून घाईनें असा अर्थ काढूं नये कीं, देवानें पाव हिश्श्याचीं मुलें खेळास निरुपयोगी करून ठेविलीं आहेत. कोणता स्वभाव कसोटीस उतरेल, याविषयींचे आमचे ठोकताळे बहुधा चुकीचे असतात. अबोल म्हणजे भित्रा व बोलका म्हणजे धीट, हा त्यांतील मुख्य ठोकताळा होय. तो किती फसवा आहे, याचें उदाहरण आमच्याच प्रांतांत आहे.

विजय हजारे यांचें नांव आमच्या आजच्या विद्यार्थ्यांस त्यांच्या नांवानें चालणाऱ्या एका दिवसाच्या सामन्यांच्या स्पर्धेमुळें तेवढें ठाऊक असतें. हे गृहस्थ १९१५ सालीं सांगलीस एका शाळाशिक्षकाच्या घरीं जन्मले. स्वभावानें ते अत्यंत शांत, मितभाषी व भिडस्त होते. केवळ बोलण्याचालण्यावरून संघ निवडण्याची आमची रीति कोणी त्यांस लाविली असती, तर त्यांची निवड झाली असती कीं नाहीं, याची आम्हांस शंकाच वाटते. १९४८ च्या जानेवारींत अॅडलेड येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धांवा झाल्या होत्या. हजारे यांनीं पहिल्या डावांत ११६ धांवा काढिल्या. भारतावर फॉलोऑनची पाळी आली, आणि दुसऱ्या डावांत तर एकही धांव होण्यापूर्वीं दोन गडी बाद झाले. त्या डावांत सहा फलंदाजांस भोपळाही फोडतां आला नाहीं. एकट्या लिंडवॉलनें सात बळी घेतले. अशा पडझडींत हजारे यांनीं १४५ धांवा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकें काढणारे ते पहिले भारतीय होत. १९५२ सालीं इंग्लंडांत लीड्स येथें तर एकही धांव लागण्यापूर्वीं भारताचे चार गडी बाद झाले होते. त्या डावांतही हजारे यांनीं ५६ धांवा केल्या व फडकर यांच्यासह शंभराहून अधिक धांवांची भागी केली.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, हे दोन्हीही सामने भारतानें गमाविले. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत हजारे यांनीं संघाच्या ३८७ धांवांपैकीं एकट्यानें ३०९ केल्या. त्यांचे बंधु विवेक यांनीं २१ धांवा करून त्यांस साथ दिली, व दोघांनीं मिळून ३०० धांवांची भर घातली. तोही सामना त्यांचा संघ डावानें हरला. ज्यास केवळ निकाल पाहावयाचा आहे, त्याला या तिन्ही ठिकाणीं पराभव दिसेल. दुसरी गोष्ट अशी कीं, हाच शांत स्वभाव सर्वच कामांत सारखा उपयोगीं पडला, असें म्हणतां येत नाहीं. कर्णधारपदाच्या ओझ्यामुळें हजारे यांची फलंदाजी पूर्णपणें फुलूं शकली नाहीं, असें विजय मर्चंट यांचें मत होतें. कर्णधार या नात्यानें खेळलेल्या पहिल्या दोन कसोटींत हजारे यांनीं शतकें काढिलीं, व त्यांच्याच नेतृत्वाखालीं १९५२ सालीं मद्रासेस भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, हेंही विसरतां येत नाहीं. तरीपण मर्चंट यांच्या म्हणण्यांत तथ्य असावें. गोलंदाजाच्या चेंडूचा भार वेगळा व दहा सोबत्यांच्या अपेक्षांचा भार वेगळा. एक भार लीलेनें उचलणारा मनुष्य दुसऱ्या भाराखालीं वांकेल; म्हणून त्याला दुबळा म्हणणें हा शुद्ध अविचार होय.

शांत स्वभाव तेवढा चांगला व तापट स्वभाव वाईट, असा उलट ठोकताळाही आम्हांस मांडावयाचा नाहीं. १९८० सालचा विंबल्डनचा अंतिम सामना पाहा. एका बाजूस स्वीडनचा बोर्ग; जिंकला काय किंवा हरला काय, त्याच्या मुद्रेवर रेघही उमटत नसे. दुसऱ्या बाजूस अमेरिकेचा मॅकेन्रो. पंचांशीं त्याचे खटके नित्य उडत. चौथ्या सेटमध्यें बोर्गच्या हातांत विजय सात वेळां आला व सातही वेळां निसटला. शेवटीं मॅकेन्रोनें तो सेट १८-१६ अशा गुणांनीं टायब्रेकवर घेतला. पांचवा सेट मात्र बोर्गनें ८-६ असा जिंकला. पुढच्याच वर्षीं त्याच मैदानावर मॅकेन्रोनें बोर्गला हरविलें. म्हणजे दोन्ही स्वभाव जगज्जेत्याचे ठरले. मात्र १९८४ सालीं पॅरिस येथें लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट जिंकल्यावर एका छायाचित्रकाराच्या कानयंत्रांतून येणाऱ्या आवाजावर मॅकेन्रोचा राग गेला, त्याचें चित्त उडालें, व हातचा सामना त्यानें घालविला. जो विस्तव त्याची शक्ति होता, त्यानेंच त्या दिवशीं त्याचें घर जाळलें.

आतां कसोटीच्या घटकेला मनांत नेमकें काय होतें, तें पाहूं. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई सोबतिणीशीं बोलत, वांकड्यातिकड्या वाटेनें, एक थेंब न सांडतां घरीं येते. तिलाच कोणी सांगितलें कीं, "आज सगळें गांव तुझ्याकडे पाहत आहे, पाऊल नीट टाक," तर ती प्रत्येक पाऊल मोजूं लागेल, आणि तिची घागर हिंदकळेल. सरावानें अंगवळणीं पडलेलें कसब आपोआप चालत असतें. भयानें किंवा लज्जेनें आपण त्यांत बुद्धीचा हात घातला, म्हणजे तें बिघडतें. आमच्या त्या विद्यार्थ्यास झेल घेतां येत नव्हता असें नाहीं. चेंडू आकाशांतून खालीं येईपर्यंत त्याला विचार करावयास फार वेळ मिळाला, हेंच त्याचें दुर्दैव. अवघड, झटक्यांत आलेला झेल त्यानें बहुधा घेतला असता.

रॉय बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८४ सालीं या विषयावर जे प्रयोग केले, त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्यांना स्वतःकडे न्याहाळून पाहण्याची मुळींच संवय नाहीं, असे मोकळ्या वृत्तीचे लोकच दडपणाखालीं अधिक चुकले. संकोची लोकांना त्या अवघडलेपणाची ओळख अगोदरचीच होती. पुढील कांहीं संशोधकांस, विशेषतः बास्केटबॉलच्या खेळाडूंचा अभ्यास करतांना, याच्या उलट आढळून आलें. या विरोधावरून आम्ही एवढाच बोध घेतों कीं, जेथें पंडितांचें एकमत नाहीं, तेथें आम्हां शिक्षकांनीं एका सुटलेल्या झेलावरून मुलाच्या काळजाची जात ठरवूं नये.

आणि स्वभाव ही कायमची बेडी आहे असें मानावें, तर याना नोवोत्ना हिच्या चरित्राचा उलगडा होत नाहीं. १९९३ सालच्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत चेक देशाची ही खेळाडू स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्यें ४-१ अशी पुढें होती. आणखी एक गुण मिळता, तर ५-१ झालें असतें. त्याच वेळीं तिच्या लागोपाठ दोन सर्व्हिस चुकल्या. तेथून तिचा खेळ ढांसळला व सामना गेला. बक्षीस देण्यास आलेल्या केंटच्या डचेसबाईंच्या खांद्यावर मान टाकून ती सर्वांसमक्ष रडली. कच्च्या मनाची म्हणून तिच्यावर शिक्का बसला. १९९७ सालीं ती पुन्हां अंतिम सामना हरली. तरी ती खेळत राहिली, आणि १९९८ सालीं त्याच मैदानावर ती विजयी झाली. तेव्हां तिचें वय एकोणतीस वर्षांचें होतें. बाई तीच, स्वभाव तोच. परंतु पांच वर्षें तिनें मैदान सोडलें नाहीं, व तिला मैदानाबाहेर कोणी काढलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यास मात्र आम्हीं एका वाक्यानें काढलें.

मग उपाय कोणता? विद्यार्थ्यांनो, पहिला उपाय असा कीं, आपला स्वभाव ओळखा व त्याच्याशीं भांडूं नका. अबोल मुलानें सामन्यापूर्वीं आरोळ्या ठोकून अंगांत वीरश्री आणण्याचा प्रयत्न करूं नये. त्याला शांतपणें एकीकडे बसूं द्यावें. जो तापट आहे त्यानें दोन चेंडूंच्या मध्यें मंद श्वास घ्यावा व पंचाकडे पाठ फिरवावी. रस्सीखेंच किंवा शंभर मीटरची धांव यांत अंगांत चढलेला जोश कामास येतो. नेमबाजी, बुद्धिबळ किंवा उंच झेल यांत तोच जोश घात करतो. तेव्हां स्वभावाप्रमाणें खेळ व खेळांतील जागा निवडणें यांत कमीपणा नाहीं.

दुसरा उपाय असा कीं, चार लोकांच्या डोळ्यांसमोर सराव करा. बायलॉक व कार या संशोधकांनीं २००१ सालीं गोल्फच्या नवशिक्यांवर प्रयोग केला. ज्यांना आरंभापासून चित्रीकरणाच्या यंत्रासमोर, जाणकार हें पाहणार आहेत असें सांगून, सराव करावयास लाविला, ते पुढें खऱ्या दडपणाच्या वेळीं ढांसळले नाहींत. देवी येऊं नये म्हणून पूर्वीं जशी लस टोंचीत, तसेंच हें समजावें. याकरितां आमच्या शाळेंत आठवड्यांतून एक दिवस सरावाचा शेवटचा झेल सर्व वर्गासमोर द्यावा, व तो रोज त्याच धीट मुलास न देतां प्रत्येकास पाळीपाळीनें द्यावा, अशी आमची सूचना आहे.

तिसरा उपाय म्हणजे एक लहानशी ठराविक क्रिया. टेनिसपटु सर्व्हिसपूर्वीं चेंडू ठराविक वेळां आपटतो, फलंदाज हातमोजे सारखे करतो. पाहणारास हा चाळा वाटतो. परंतु निकालाच्या विचाराकडे धांवणारें मन त्या एका लहान कामांत गुंतून राहतें.

येथें कोणी आक्षेप घेतील कीं, "अशानें मुलें मऊ होतील; आम्हांस कोणी गोंजारलें होतें काय?" या आक्षेपांत थोडें सत्य आहे. दडपण मुळींच नको, अशी आमची मागणी नाहीं. खेळांतील कसोटी ही पुढील आयुष्यांतील कसोटींची तालीम आहे, व ती चुकविणारा मुलगा उद्यां मुलाखतीच्या दारांतूनही परतेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तालमींत पडलेल्या पहिलवानास उठण्यास हात द्यावा; पडला म्हणून त्यास आखाड्याबाहेर घालवूं नये. जो मुलगा झेल सुटल्याच्या दुसऱ्या दिवशीं पुन्हां मैदानावर येतो, त्यानें झेल घेणाऱ्याहून कमी धैर्य दाखविलें, असें कोण म्हणेल?

पालकांस आमचें नम्रपणें सांगणें आहे. "पहिला आलास तर सायकल घेऊन देईन," असें वचन देऊन आपण मुलाच्या पायांत बळ घालीत नसून त्याच्या खांद्यावर ओझें ठेवितां. दोरीबाहेरून त्याला नांवानें हांक मारून सूचना देणें म्हणजे घागरवालीस पाउलें मोजावयास लावणें होय. आणि हरून आल्यावर घरीं परततांना जी शांतता आपण पाळतां, ती मुलाच्या कानांत शिव्यांहून मोठ्यानें वाजते. त्या वेळीं सामन्याविषयीं कांहींच विचारूं नये. "भूक लागली असेल, चल जेवायला," एवढें म्हटलें तरी पुरे. आपलें स्थान घरांत पूर्वींप्रमाणेंच आहे, हें त्याला तेवढ्यानें कळतें. आणि ज्याला तें कळलें, तो दुसऱ्या सामन्यास निर्भयपणें उतरतो.

तो नवा विद्यार्थी आतां आमच्या मैदानावर नियमानें येतो. गेल्या महिन्यांत त्याच्या हातून एक झेल सुटला. आम्हीं त्याला त्याच जागीं उभें ठेविलें, व पुढील सामन्यांतही तो त्याच जागीं उभा असेल. त्या दिवशीं तो झेल घेईल कीं सोडील, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु त्याच्या वडिलांस जें वाक्य आमच्या तोंडून ऐकावें लागलें, तें त्याला या शाळेंत ऐकावें लागणार नाहीं, एवढें वचन आम्ही या पृष्ठावरून त्याच्या वडिलांस देत आहों. आमच्या शिक्षक बंधुभगिनींनीं व सर्व पालकांनीं आपापल्या मुलांस तेंच वचन द्यावें, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.